पोरगी पॉइंट करत नाही, तरी कोच तिला बाहेर का काढत नाही?

इंटर कॉलेजचा सिझन आला की बास्केटबॉलची पत्रं वाढतात. यावेळी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून आली आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी फिरून एकाच जागी येऊन थांबतात, की पॉइंट सोडून खेळाडूत बघायचं तरी काय. म्हणून या अंकात फक्त तेच घेतो, क्रिकेटवाल्यांनी जरा दम धरा.

प्रश्न: नमस्कार सर. माझी मुलगी एस.वाय.ला आहे, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते. मला या खेळातलं काही कळत नाही पण यावर्षी मुद्दाम मॅच बघायला गेलो. तीन मॅचमध्ये मिळून तिचे ११ पॉइंट झाले. तिच्याच टीममधली दुसरी एक मुलगी एका मॅचमध्ये २० करते, तिचा फोटोपण पेपरात आला. आमची पोरगी बॉल आला की लगेच दुसरीला देऊन टाकते, नाहीतर सारखी कोणाच्यातरी आडवी उभी राहते आणि पूर्ण वेळ ओरडत असते. तरी कोच तिला एक मिनिट बाहेर काढत नाही. गावी गेलो की भाऊबंद विचारतात, "तुनी पोर कितला पॉइंट करस?" काय सांगू? ओळखीमुळे तर खेळवत नाहीत ना? – एक वडील, चोपडा तालुका

उत्तर: भाऊ, ओळखीवर फार तर ट्रॅकसूट मिळतो, पूर्ण ४० मिनिटं कोणी ओळखीवर खेळवत नाही, कारण हरल्यावर प्राचार्यांसमोर उभं कोचलाच राहावं लागतं. आणि तुम्ही म्हणता तुम्हाला खेळातलं कळत नाही, पण पत्रात तुम्ही जे तीन मुद्दे तक्रार म्हणून लिहिलेत ना, बॉल लगेच देते, आडवी उभी राहते, ओरडते, तेच तिला बाहेर न काढण्याचं कारण आहे, तुम्ही बरोबर बघितलं, फक्त हिशोबात उलट्या बाजूला लिहिलं.

आधी एक गोष्ट सांगतो. पुढच्या मॅचला टेबलवर जी स्कोअरशीट भरतात ती बघायला मागा, दाखवतील. उजव्या बाजूला रनिंग स्कोअर असतो, कोणी कधी किती टाकले ते, पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला (मॅचचा पाव भाग) लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळा किंवा काळा. डाव्या बाजूला नावं, नावासमोर पाच चौकोन, ते फाउलचे, पाच भरले की बाहेर. बस. रिबाउंडचा, म्हणजे हुकलेला बॉल पकडल्याचा, रकाना नाही, पासचा नाही, चेंडू हिसकावला त्याचा नाही. म्हणजे आपल्याकडे मॅच संपल्यावर पोरीच्या नावावर कागदावर काय उरतं तर टाकलेले पॉइंट आणि केलेले गुन्हे. मोठ्या स्पर्धांत वेगळी माणसं बसून बाकीचं मोजतात, कॉलेजच्या सिमेंटच्या ग्राउंडवर कोण बसणार? पेपरवाल्यालाही तीच शीट मिळते, मग फोटो कोणाचा येणार ते ठरलेलंच आहे.

आता साधं गणित करा. मॅच ४० मिनिटांची, ग्राउंडवर दहा जणी, बॉल एक. सारखा वाटला तरी एकीच्या वाट्याला चार मिनिटं येतात. उरलेली ३६ मिनिटं पोरगी बॉलशिवाय पळत असते आणि आपण प्रेक्षक ती ३६ मिनिटं बघतच नाही कारण आपली मान बॉलच्या मागे फिरते. तर पुढच्या मॅचला एक क्वार्टर असं करा की बॉलकडे बघायचंच नाही, फक्त पोरीकडे बघायचं. अवघड जातं, पहिली दोन मिनिटं मान आपोआप वळते, पण करा.

काय दिसेल ते सांगतो. समोरच्या टीमने शॉट मारला की ग्राउंडवरच्या बहुतेक पोरी वर बघतात, बॉल हवेत आहे म्हणून तोंड वर. जी चांगली असते ती त्या क्षणी वर बघत नाही, आधी स्वतःच्या माणसाला, म्हणजे समोरच्यांतली जी अडवायची आहे तिला, शोधते, वळते, पाठ तिच्या छातीला लावते, गुडघे वाकवते, कोपर बाहेर काढते (पण मारत नाही) आणि तिला दोन पावलं मागे ढकलत नेते, मग बॉल कुठे पडतो ते बघते. याला बॉक्स आउट म्हणतात. बऱ्याचदा असं होतं की हिने समोरच्या सगळ्यात उंच पोरीला असं अडकवून ठेवलं आणि बॉल हिच्याच टीमच्या तिसऱ्या एका पोरीच्या हातात आरामात पडला. टाळ्या तिला. ज्या टीमला आकडे ठेवायची सवय आहे तिथेही रिबाउंड तिच्याच नावावर जाणार, कष्ट हिचे. भरिताच्या पार्टीत वाढणाऱ्याचं नाव होतं, कपाशीच्या काड्यांच्या धुरात डोळे चोळत वांगी कोणी भाजली ते कोणी विचारत नाही, तसलाच प्रकार.

"आडवी उभी राहते" म्हणालात ते स्क्रीन. शूटरच्या मागे लागलेल्या डिफेंडरच्या रस्त्यात जाऊन खांबासारखं उभं राहायचं, हलायचं नाही, हललं तर फाउल हिच्यावर, अंगावर धडक खायची, आणि तेवढ्या एका सेकंदात तुमची ती २० वाली मोकळी होते आणि मारते. तिचे २० मधले किती असे आले ते एकदा मोजा बरं. आणि ओरडते ते तर सगळ्यात महागाचं. डिफेन्समध्ये मागची पोरगी सगळं ग्राउंड बघू शकते, पुढचीला तिच्या पाठीमागून काय येतंय ते दिसत नाही, म्हणून "डावीकडे स्क्रीन", "मी आहे मागे", "बॉल सोड, कटर घे" (कटर म्हणजे रिंगकडे धावत घुसणारी) असं सारखं सांगावं लागतं. मुकी टीम कितीही फिट असो, चौथ्या क्वार्टरला फुटते.

हिशोबच हवा असेल तर हा घ्या, भाऊबंदांना कागदावर लिहून दाखवता येईल. आकडे समजा म्हणून घेतोय. त्या मुलीने २० वेळा मारले, ८ रिंगमध्ये गेले, १६ पॉइंट, फ्री थ्रो (फाउल झाल्यावर कोणी न अडवता मारायचा एका पॉइंटचा शॉट) ६ पैकी ४, झाले २०. वर ५ वेळा बॉल तिच्या हातून समोरच्यांना गेला. म्हणजे टीमच्या जवळजवळ २८ संधी तिने वापरल्या (२० शॉट, तीनेक फेऱ्या फ्री थ्रोच्या, ५ टर्नओव्हर) आणि २० मिळवले. एका संधीला ०.७ च्या आसपास. तुमच्या मुलीने ४ मारले, ३ गेले, ६ पॉइंट, एकदा बॉल घालवला. ५ संधी, ६ पॉइंट. इथपर्यंत ठीक, पण त्याच मॅचमध्ये तिने आपल्याच रिंगखाली नाही तर समोरच्यांच्या रिंगखाली जाऊन, म्हणजे आपला हुकलेला शॉट, ४ वेळा परत मिळवला आणि ३ वेळा बॉल हिसकावला. ७ संधी ज्या टीमला मिळायच्याच नव्हत्या. टीमने ७० संधींत ५६ पॉइंट केले असतील तर एका संधीची किंमत ०.८, सातांची साडेपाच पॉइंटच्या वर. मॅच चार पॉइंटने जिंकली तर ते साडेपाच कुठून आले ते कोणत्याच शीटवर लिहिलेलं नाही. आणि हो, २० वालीचे जे १२ हुकले त्यातलेच ते ४ परत आणलेत, हेपण लक्षात असू द्या.

पण म्हणून ती २० वाली वाईट असं बिलकुल नाही हां. २४ सेकंदाचं घड्याळ संपत आलं की कोणीतरी अवघड शॉट घ्यावाच लागतो (आपल्याकडे बऱ्याच ग्राउंडवर घड्याळच नसतं, टेबलवरचा मुलगा बोंबलतो तो भाग वेगळा), तेव्हा बाकीच्या चौघी बॉल तिच्याकडे फेकून मोकळ्या होतात, तिचे आकडे त्यानेपण खराब होतात. तिच्यावर दोन-दोन जणी लागतात म्हणून तुमची मुलगी मोकळी सापडते. दोघी एकमेकींच्या जिवावर आहेत, कोचला ते कळतं, म्हणून दोघी आत आहेत.

आणि हे काही आपल्याकडचं समाधान नाही, अमेरिकेत यावर लोकांनी करिअर केलंय. डेनिस रॉडमन, सगळ्या करिअरची सरासरी मॅचला ७.३ पॉइंट, पण १९९२ ते १९९८ सलग सात सिझन एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, रिबाउंडला पहिला, पाच वेळा चॅम्पियन टीममध्ये, २०११ ला हॉल ऑफ फेममध्ये. सरावाला बाकीचे शॉट मारायचे आणि हा प्रत्येकाचा बॉल रिंगवरून उडून कुठे पडतो ते बघत बसायचा. बेन वॉलेस तर ५.७ पॉइंटवाला, ड्राफ्टमध्ये (जिथे टीम नवे खेळाडू निवडतात) कोणी घेतलापण नव्हता, पुढे चार वेळा सर्वोत्तम डिफेंडर आणि २००४ ला डेट्रॉइटकडून चॅम्पियन. ड्रेमंड ग्रीनने फेब्रुवारी २०१७ मध्ये मेम्फिसविरुद्ध एक मॅच खेळली, पॉइंट ४, रिबाउंड १२, असिस्ट (ज्या पासवर बास्केट झाला तो) १०, स्टील (हिसकावलेला बॉल) १०. पॉइंट दोन आकडी नसताना ट्रिपल डबल, म्हणजे तीन गोष्टींत दोन आकडी, एनबीएत असं पहिल्यांदाच झालं.

तर भाऊबंदांनी पुन्हा विचारलं तर पॉइंट सांगूच नका, "ती आत असताना टीम कितीने पुढे होती ते विचार" म्हणा. ते मोजायचं कसं ते खाली तिसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न: मी ग्रामीण कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे. ट्रायलला २५-३० मुलं येतात, सगळी थ्री पॉइंटच मारून दाखवतात. १२ निवडायची कशी? मदतीला कोणी नाही, एक शिपाई आणि दोन सिनियर मुलं. – शहादा

उत्तर: सर, ट्रायलमध्ये शूटिंग सगळ्यात शेवटी ठेवा, सगळे दमल्यावर. सकाळी फ्रेश असताना मोकळ्या ग्राउंडवर ६.७५ मीटरवरून, म्हणजे थ्री पॉइंटच्या रेषेवरून, चार टाकणारा दर गल्लीत एक आहे, त्यातून काही कळत नाही.

मी काय करतो ते सांगतो. हाफ कोर्टवर तीन विरुद्ध तीन लावतो आणि नियम टाकतो की ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पळणं, बंद. बॉल हातात आला की जागेवर थांबायचं, फक्त पास. पाच मिनिटांत पोरं वेगळी होतात. जो फक्त ड्रिबलवर हिरो आहे तो चिडतो, बॉल धरून उभा राहतो, इकडेतिकडे बघतो. ज्याला खेळ कळतो तो पास देऊन लगेच धावतो, मोकळ्या जागेत जातो, हात दाखवतो. पास दिल्यावर पुढच्या दोन सेकंदात पोरगा काय करतो, एवढं एकच बघायला सांगितलं तर मी तेच बघेन. उभा राहिला तर तो कॉलेजच्या ग्राउंडवर चालेल, बाहेरच्या टीमसमोर नाही.

दुसरं, मुद्दाम चुकीचे निर्णय द्या. फाउल नसताना फाउल द्या आणि त्याच्या तोंडाकडे बघा. कोण वाद घालतं, कोण डोकं धरून उभं राहतं आणि कोण आधी मागे पळतं. वाद घालणारा मागे पोचेपर्यंत समोरच्यांचा ले-अप (रिंगपर्यंत पळत जाऊन सोपा शॉट) झालेला असतो. बरेच रेफरी असेच निर्णय देतात म्हणा, त्यामुळे सरावपण होतो.

दोन सिनियर मुलं आहेत ना, भरपूर झाली. एकाला वही द्या, पानावर नावं लिहा आणि सांगा की पॉइंट लिहायचेच नाहीत, ते सगळ्यांना पाठ असतात. एकाने आक्रमण बघायचं: आपला हुकलेला बॉल कोणी परत आणला, कोणी घालवला, आणि कोणाच्या पासवर सोपा शॉट मिळाला, मग तो शॉट गेला की नाही याच्याशी देणंघेणं नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण पास घेणाऱ्याने सोपा ले-अप हुकवला तर असिस्ट मिळत नाही, पण पास तर चांगलाच होता ना. दुसऱ्याने डिफेन्स बघायचा: कोणाचा हात बॉलला लागला, म्हणजे स्टील झाली नाही तरी चालेल, पास नुसता विस्कटला तरी एक काडी, कोणाचा माणूस त्याला सोडून आत घुसला, आणि चार्ज कोणी घेतला (तो काय ते खाली सांगतो). अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला रिक पिटिनो हा कोच प्रत्येक मॅचला असे हात लागलेले बॉल मोजायचा, कारण तो आकडा म्हणजे पोरांचे पाय हलतायत की नाहीत ते. एनबीएनेपण २०१६ पासून हे सगळं, हात लागलेले बॉल, घेतलेले चार्ज, स्क्रीनमुळे झालेले बास्केट, सुटा बॉल कोणी उचलला, अधिकृत मोजायला सुरुवात केली. आपल्याला त्यासाठी कॅमेरे नकोत, वही आणि एक न लाजणारा मुलगा पुरे.

चार्जबद्दल थोडं वेगळं लिहितो कारण आपल्याकडे पोरं तो घेतच नाहीत, सिमेंटवर पाठीवर पडायचं म्हणजे सोलवटून निघतं, समजू शकतो. पण समोरचा जोरात आत येतोय, आपण आधीच त्याच्या रस्त्यात दोन्ही पाय टेकून तोंड त्याच्याकडे करून उभे आहोत, तो छातीवर आदळला, की होणारा बास्केट रद्द, बॉल आपला, आणि त्याच्या पाच फाउलमधला एक गेला. त्यांचा मेन खेळाडू असेल आणि दुसऱ्या क्वार्टरलाच त्याचे तीन झाले तर त्यांचा कोच त्याला बसवतो. एका पडण्यात एवढं सगळं. आणि पॉइंटच्या यादीत? शून्य.

बाराव्या जागेसाठी जर दोन पोरं सारखी वाटली तर मी एकच बघतो, टाइम आउटला बेंचवरून उठून पाण्याची बाटली पुढे कोण करतो. काही लोकांना हे भाबडं वाटतं, वाटू दे. भुसावळ-सुरत लाइनच्या पॅसेंजरमध्ये बारा पोरं घेऊन नंदुरबारपर्यंत गेलं की बाराव्या माणसाचा स्वभाव किती महत्त्वाचा ते समजतं.

प्रश्न: आम्ही मित्रांनी एक्सेलमध्ये प्लस-मायनस काढायला सुरुवात केली. पाच मॅच झाल्या. आमचा टॉप स्कोअरर मायनस ९ आणि बेंचवरचा एक जण प्लस १४ आला. कोचला दाखवलं तर हसले. आम्ही चूक की कोच? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धुळे

उत्तर: आधी बाकीच्या वाचकांसाठी. खेळाडू आत असताना आपल्या टीमने किती केले त्यातून समोरच्यांनी किती केले ते वजा करायचं, तो त्याचा प्लस-मायनस. आत आला तेव्हा १०-१० होतं, बाहेर गेला तेव्हा २२-१७, म्हणजे प्लस ५. आइस हॉकीतून आलेली पद्धत आहे, आणि मस्त आहे, कारण यात स्क्रीन, ओरडणं, बॉक्स आउट सगळं न मोजता मोजलं जातं.

पण मित्रा, पाच मॅच म्हणजे काहीच नाही. तुझा तो प्लस १४ वाला आत कधी जातो ते लिहिलंयस का? समोरची टीम ३० ने मागे असताना, त्यांचे मेन पाच बसलेले असताना जात असेल तर माझी आजीपण प्लस येईल. आणि टॉप स्कोअरर समोरच्यांच्या सगळ्यात तगड्या पाच जणांसमोर खेळतो, शिवाय पहिल्या राउंडला एखादी टीम फक्त सात पोरं घेऊन आलेली असते आणि फायनलला खरी टीम असते, दोन्ही एकाच एक्सेलमध्ये टाकलं तर वांगं आणि केळं एकाच पाटीत. फरक २० च्या वर गेला की मोजणं बंद करा. कोण कोणासोबत आत होता ते लिहा. एकटा माणूस नको, जोड्या बघा, अमुक-तमुक दोघं एकत्र असताना काय होतं. त्यात खरं काहीतरी सापडेल.

आणि प्लस-मायनससोबत टीमचे चार आकडे ठेवा. डीन ऑलिव्हर नावाचा अमेरिकन आकडेतज्ज्ञ आहे, त्याने सांगितलं की मॅच चार गोष्टींवर फिरते आणि वजनपण दिलं: शूटिंग किती चांगलं ४० टक्के, बॉल किती कमी घालवता २५, आपला हुकलेला बॉल किती परत आणता २० आणि फ्री थ्रो किती कमावता १५. शूटिंग मोजताना नुसती टक्केवारी घेऊ नका, थ्री पॉइंटला दीडपट धरा, म्हणजे गेलेले शॉट अधिक थ्रीचे अर्धे, भागिले मारलेले. १० पैकी ४ थ्री टाकणारा आणि १० पैकी ६ टू टाकणारा सारखेच, १२-१२. एवढं समजलं तरी हॉस्टेलमधले निम्मे वाद मिटतील.

कोच का हसले ते मला माहिती आहे. तुम्ही त्यांना उत्तर नेऊन दिलं असणार, "याला बसवा, त्याला खेळवा". प्रश्न घेऊन जा. "सर, हा आत असताना आपल्यावर कमी पॉइंट होतात, का ते बघाल का?" शेन बॅटियरचं उदाहरण द्या त्यांना. ड्यूक युनिव्हर्सिटीकडून २००१ चा चॅम्पियन, कॉलेजात तीन वर्षं देशातला सर्वोत्तम डिफेंडर. पुढे एनबीएत सरासरी ८.६ पॉइंट, पॉइंटवरून बघितलं तर कोणी ओळखणार नाही. पण एनबीएतल्या ह्यूस्टनच्या टीमने त्याला घेतला कारण तो आत असला की स्वतःच्या टीमचे सगळे बरे खेळायचे आणि समोरचे वाईट. कोबी ब्रायंटसारख्या मोठ्या स्कोअररला थांबवता येत नाही हे त्याला माहिती होतं, म्हणून थांबवायच्या भानगडीत न पडता तो त्याला जिथून कमी जातात तिथूनच मारायला लावायचा आणि शॉटच्या वेळी हात बॉलकडे नाही, डोळ्यांसमोर धरायचा. ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) नाही, स्टील नाही, कागदावर काही नाही, आणि समोरच्याचे दोन हुकले.

प्रश्न: आमच्याकडे ६ फूट ४ इंच मुलगा आहे, ब्लॉक खूप करतो, बॉल थेट कंपाउंडच्या बाहेर. पब्लिक वेडं होतं. त्याला युनिव्हर्सिटी टीममध्ये घेतलं पाहिजे ना? – पारोळा

उत्तर: कंपाउंडच्या बाहेर गेलेला बॉल परत समोरच्यांनाच मिळतो हो. बिल रसेलचं बघा, कॉलेजात सॅन फ्रान्सिस्कोला १९५५ आणि १९५६ ला चॅम्पियन, नंतर बॉस्टनकडून १३ सिझनमध्ये ११ वेळा. तो बॉल बाहेर नाही मारायचा, ग्राउंडमध्येच ठेवायचा, म्हणजे तिथूनच स्वतःच्या टीमचा फास्ट ब्रेक (समोरचे परतायच्या आत केलेला हल्ला) सुरू. एनबीएत ब्लॉक अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ पासून, रसेल तर १९६९ लाच निवृत्त झाला, त्यामुळे त्याने किती केले ते रेकॉर्डमध्येच नाही. तुमच्या मुलाला सांगा, तळहाताने हाणू नको, बोटांनी वर उडव आणि आपणच धर. पब्लिक गप्प बसेल, टीम जिंकेल. आणि तो प्रत्येक शॉटवर उडी मारत असेल तर चांगली टीम त्याला नुसता पंप फेक, म्हणजे शॉट मारल्याचं नाटक, दाखवून दोन क्वार्टरमध्ये चार फाउलवर नेईल, तेवढंही बघा.

प्रश्न: दादा, मी पॉइंट गार्ड आहे, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवते, हाइट ५ फूट १. सर म्हणतात तू शॉट मारू नको, फक्त पास दे आणि डिफेन्स कर. मी तेच करते, सगळे म्हणतात छान खेळतेस. पण मागच्या दोन मॅचमध्ये माझा पासच कट व्हायला लागला. पॉइंट सोडून बाकी सगळं करणारी खेळाडू चालते ना? – टी.वाय.ची विद्यार्थिनी, नवापूर

उत्तर: ताई, वरची सगळी उत्तरं वाचून तू खूश झाली असशील, पण तुझ्यासाठी उत्तर जरा वेगळं आहे.

पास का कट होतोय ते सांगतो. समोरच्यांना कळलंय की तू मारत नाहीस. मग तुझ्यावर लावलेली पोरगी तुझ्यावर राहतच नाही, ती दोन-तीन पावलं मागे सरकते, रिंगच्या वाटेत जाऊन उभी राहते आणि तू ज्यांना पास देणार त्यांच्या रस्त्यात हात घालते. म्हणजे तुझ्या टीमच्या पाच आणि त्यांच्या पाच असा खेळ राहत नाही, चार विरुद्ध पाच होतो. पुढच्या मॅचला बॉल मिळाल्यावर तुझ्या डिफेंडरचे पाय बघ. हात लांब केल्यावर ती तुला शिवू शकत नसेल तर ती तुझी डिफेंडर नाही, ती तुझ्या पासची डिफेंडर आहे.

रॉडमन, वॉलेस यांचं चालायचं कारण ते रिंगखाली उभे असायचे, तिथे त्यांना मोकळं सोडलं तर रिबाउंड जातो. तू बाहेर खेळतेस. बाहेरच्या खेळाडूला वीस पॉइंट करायची गरज नाही, पण मारेल ही भीती समोरच्याला वाटली पाहिजे. मॅचला चार-पाच शॉट पुरे. एकाच जागेवरून पक्का कर, मला विचारशील तर फ्री थ्रोच्या रेषेजवळून, कारण आपल्या इंटर कॉलेजला निम्म्या टीम दोन-तीनचा झोन (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपापली जागा सांभाळायची) लावून उभ्या असतात आणि त्या झोनची मधली जागा नेमकी तिथेच उघडी असते. तिथे तू आलीस, बॉल घेतलास आणि रिंगकडे तोंड केलंस की मागची मधली पोरगी तुझ्याकडे पुढे यायलाच हवी. आली तर तिच्या मागे रिंगखाली पास. नाही आली तर मार. तेव्हा तुझा पास पुन्हा पास होईल.

फ्री थ्रोपण त्याच जागेवरचा आहे, एका सरावात दोन कामं होतात. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल तुझ्याच हातात असणार, मागे असलेली टीम मुद्दाम फाउल करते, आणि क्वार्टरमधला त्यांचा पाचवा टीम फाउल झाला की दोन फ्री थ्रो मिळतात. तिथे हुकवलंस तर ४० मिनिटांचा डिफेन्स पाण्यात. दमल्यावर मार, सरावाच्या शेवटी, पाय थरथरत असताना, दहाच्या सेटने, आणि किती गेले ते लिही.

सरांशी भांडू नको, ते बहुतेक "घाईचे शॉट नको" असं म्हणत असतील. सरळ विचार, "सर, कुठून मारू नको आणि कुठून मारलेलं चालेल?" ते जी जागा दाखवतील तिथे खडूने खूण कर आणि महिनाभर तिथूनच मार.